पळावे की थांबावे? पिंपरी-चिंचवडचा भोंगा आणि संकटाच्या घरगुती सरावाचा इतिहास

(थ्रेड)

१/
७ मे २०२५. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशावरून देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी 'ऑपरेशन अभ्यास' हा सराव या दिवसासाठी जाहीर झाला होता. महाराष्ट्रातील १६ ठिकाणांच्या यादीत पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचे नावही स्वतंत्रपणे होते. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवणे, दिवे मालवणे, नागरिकांना सुरक्षित जागी हलवणे, असे त्याचे स्वरूप होते. १९७१ च्या युद्धानंतर एवढ्या व्याप्तीचा सराव देशाने पाहिला नव्हता.

भोंगा वाजवणे यंत्रणेच्या हाती असते. तो ऐकून घरातल्या माणसांनी काय करायचे, हा प्रश्न मात्र घराचाच असतो. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्यातली बरीच पाने पिंपरी, चाकण, देहू, तळेगाव याच परिसरात उलगडतात.

२/
ज्यांनी १९६५ आणि १९७१ ची युद्धे पाहिली, त्यांच्या आठवणीतला सराव घरातच झाला होता. खिडक्यांच्या काचांना काळा किंवा खाकी कागद चिकटवायचा, दिव्यावर कागदाची टोपी घालायची, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचा. कागद कापणे आणि खळ लावणे हे काम बहुतेक घरांत मुलांकडे येई. युद्धाची भीती मोठ्यांना होती. मुलांना त्या अंधारात एक खेळ सापडला होता.

१९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला आणि या व्यवस्थेला कायमचा आधार मिळाला. पुढे युद्ध थांबले, कागद निघाले आणि घरातला सरावही त्यांच्याबरोबर निघून गेला.

३/
संकट येण्यापूर्वी तयारी करावी, हे या मातीला नवीन नव्हते. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाही, फक्त तट आणि खंदक. तरीही फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळपास दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग पेरून तो उडवला, तेव्हाच किल्ला पडला.

एवढे दिवस कोट झुंजतो, त्यामागे शौर्य असतेच. त्याबरोबर आधी भरून ठेवलेले धान्य, पाणी आणि दारूगोळा असतो. प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते. वेढा पडल्यावर या गोष्टी ठरवता येत नाहीत.

४/
शिवकालीन कागदपत्रांत ही दृष्टी अगदी घरगुती पातळीवर दिसते. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. गवताच्या गंजींजवळ चूल पेटवू नये, चिलीम ओढू नये, रात्री दिवा तसाच जळत ठेवू नये, अशी ताकीद त्यात आहे. कारणही दिले आहे : उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळे गवत भस्म होईल.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, जादा टाकी खोदून पाणी राखावे, असे सांगितले आहे. संकटाचा विचार इथे उंदीर, वात आणि पाण्याच्या टाक्यापर्यंत पोहोचतो.

५/
हीच दृष्टी दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यात टिकून आहे. पश्चिम महाराष्ट्रातली मुले आजही अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला उभारतात. तट, चोरवाट, पाण्याचे टाके, पहारेकरी, उगवलेले अळीव. शत्रू कोणत्या बाजूने येईल, पाणी कुठे साठेल, बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, हे प्रश्न सातवी-आठवीतली मुले गंभीर चेहऱ्याने सोडवतात.

तीच मुले ज्या इमारतीत राहतात, तिचा दुसरा जिना कुठे उघडतो आणि त्याच्या दाराला कुलूप आहे का, हे मात्र त्यांना कुणी विचारलेले नसते.

६/
आता कारखान्यांकडे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिनसाठी हे गाव देशाला माहीत झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. टेल्को आणि बजाजसारखे मोठे उद्योग पिंपरी-आकुर्डीच्या माळावर उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. नव्या शतकात वाहन उद्योग चाकणकडे पसरला.

या शहराचा दिवस भोंग्याने सुरू होई. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. भोंगा म्हणजे डबा भरायची वेळ, बस पकडायची वेळ. तो धोक्याची सूचनाही देऊ शकतो, हे घरांना फारसे कधी जाणवले नाही.

७/
कारखान्याच्या आत मात्र सुरक्षेची एक संस्कृती रुजत होती. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९७२ पासून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. छातीवर बिल्ला, फाटकाशी फलक, सामूहिक शपथ, घोषवाक्यांच्या स्पर्धा. अनेक कारखान्यांत कामगारांच्या मुलांसाठी चित्रकला आणि निबंध स्पर्धाही होऊ लागल्या.

या औद्योगिक पट्ट्यात कुटुंबाला सरावाशी जोडणारा पहिला धागा बहुधा हाच : पिवळे शिरस्त्राण घातलेल्या बाबांचे रंगीत खडूंनी काढलेले चित्र. चित्राला बक्षीस मिळे. पण आग लागली तर त्या चित्रातल्या मुलाने स्वतः काय करायचे, हा विषय स्पर्धेत क्वचितच असे.

८/
२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला होता. वस्त्या जाग्या झाल्या त्या डोळ्यांच्या जळजळीने.

लोक पळाले. पळताना श्वास जोरात चालतो आणि तेवढा अधिक वायू छातीत जातो. अनेक जण वायू ज्या दिशेने सरकत होता त्याच दिशेने धावत राहिले. दारे-खिडक्या बंद करावीत, तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या वाटेतून आडव्या दिशेने बाजूला व्हावे, एवढी माहिती आधी मिळाली असती तर कितीतरी जीव वाचू शकले असते. भिंतीपलीकडे काय साठवले आहे, हेच त्या वस्त्यांना कुणी सांगितले नव्हते.

९/
भोपाळनंतर देशाचा कायदा बदलला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांबरोबर परिसरातील जनतेलाही देणे कारखानदारावर बंधनकारक ठरले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांत, अपघाताची झळ ज्यांना पोहोचू शकते त्यांना 'काय करावे, काय करू नये' हे कळवण्याची तरतूद आली. १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी स्वतंत्र नियम झाले.

मोठ्या धोक्याच्या कारखान्यांत दर सहा महिन्यांनी आतला सराव आणि वर्षातून एकदा बाहेरच्या परिसरासह सराव करणे ठरले. कायदा तयार करणाऱ्यांना घरापर्यंत पोहोचायचे होते, हे या तरतुदींतून स्पष्ट दिसते.

१०/
कागदावर घर आले, प्रत्यक्षात सराव फाटकाशी थांबला. आज चाकण किंवा भोसरीतील मोठ्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला आपली जमण्याची जागा पाठ असते. छपरावरचा नारिंगी विंडसॉक बघून वारा कुठून वाहतो ते तो सांगू शकतो. पाळी सुटली की शिरस्त्राण लॉकरमध्ये जाते आणि हे ज्ञानही त्याच्यासोबत तिथेच राहते.

त्याचे घर चिखलीत, म्हाळुंग्यात किंवा कुरुळीत असते. घरी पत्नी, दोन मुले, गावाहून आलेली आई. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन असतो, शीतगृहात अमोनिया असतो, स्वयंपाकघरात एलपीजी असतो. या तिन्हींसाठी करायच्या गोष्टी वेगळ्या, कधी परस्परविरुद्धही. घरात ते कुणालाच सांगितलेले नसते.

११/
धोका मोठ्या फाटकांमागेच राहतो, असेही नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका छोट्या ठिकाणी स्फोट होऊन आग भडकली आणि अनेक महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. जी वस्तू मुलांच्या आनंदासाठी बनत होती, तिच्यातच ती दारू होती.

अशा जागी सुरक्षा अधिकारी नसतो, विंडसॉक नसतो, सहा महिन्यांचा सराव नसतो. तिथे काम करणाऱ्या बाईला बाहेर पडायची दुसरी वाट शोधण्याची सवय असेल, तर ती तिने घरी किंवा लहानपणी शिकलेली असते. घरगुती सरावाचे मोल इथे सर्वांत जास्त ठरते.

१२/
पाणी आणि डोंगर यांचेही धडे जवळचेच आहेत. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्याच दिवशी खडकवासल्याचेही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. इशारा बहुतेकांपर्यंत तोंडोतोंडीच पोहोचला. खडकवासला गेल्याने ज्या शहरात पूर आला, त्याच शहरात प्यायला पाणी उरले नाही.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर पहाटे डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची बातमी बाहेर आली ती रोजच्या एसटीच्या चालकामुळे, कारण त्याला नेहमीच्या जागी गावच दिसेना.

१३/
माळीणला धावून गेलेल्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान होते. या दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ चाकण आणि तळेगाव यांच्यामध्ये, सुदुंबरे येथे आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर हे दल उभे राहिले.

सुदुंबऱ्याची आणखी एक ओळख आहे. तुकाराम महाराजांचे टाळकरी आणि अभंग लिहून ठेवणारे, चाकणचे संताजी जगनाडे महाराज यांची समाधी याच गावात आहे. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली तरी अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून ते टिकले, असे परंपरा सांगते. जे पाठ असते ते बुडत नाही. आपत्तीच्या ज्ञानालाही ही गोष्ट लागू पडते. तिचे सर्वांत ठळक उदाहरण इंडोनेशियात आहे.

१४/
सुमात्राच्या पश्चिमेस सिमेउलुए नावाचे बेट आहे. १९०७ मध्ये तिथे भूकंपानंतर त्सुनामी आली आणि फार मोठी हानी झाली. वाचलेल्यांनी त्या लाटेला 'स्मोंग' म्हटले आणि तिची कथा गाण्यांत, अंगाईत, आजीच्या गोष्टींत बांधली. मोठा धक्का बसला आणि समुद्र मागे हटला, तर थांबू नका, टेकडीवर जा.

२६ डिसेंबर २००४ च्या महाभयंकर भूकंपाचे केंद्र या बेटाच्या जवळच होते. बेटाची लोकसंख्या सुमारे ७८ हजार. मृत्यू सात. शेजारच्या आचे प्रांतात लाखाहून अधिक माणसे गेली. सिमेउलुएत ना भोंगा होता, ना इशारा देणारी यंत्रणा. तीन पिढ्यांनी गायलेली अंगाई होती.

१५/
जपानच्या किनारपट्टीवर 'तेन्देन्को' हा जुना शब्द आहे. त्सुनामी आली की प्रत्येकाने स्वतंत्रपणे उंचावर जायचे, कुणी कुणाला शोधत फिरायचे नाही. ऐकायला हे कठोर वाटते. पण त्यामागे घरात आधी झालेला करार असतो : आई वर गेली असेल असा मुलाला विश्वास, मूल वर गेले असेल असा आईला विश्वास. ११ मार्च २०११ रोजी कामाइशी शहरातील जवळपास तीन हजार शाळकरी मुलांपैकी बहुतेक सर्व वाचली. मोठी मुले लहानांचे हात धरून चढ चढली.

पाळ्यांवर चालणाऱ्या पिंपरी-चाकणसाठी हा करार फार मोलाचा आहे. बाबा रात्रपाळीला, आई दुसऱ्या टोकाला, मुले शाळेत. ठरलेले काहीच नसेल, तर तिघेही एकमेकांना शोधायला नेमक्या धोक्याच्या दिशेने निघतील.

१६/
जपानमधला दुसरा प्रयोग खेळाचा. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपाने कोबे शहर उद्ध्वस्त झाले. दहा वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच शहरात 'इझा! काएरू कॅरॅव्हॅन' नावाची जत्रा सुरू झाली. मुलांनी जुनी खेळणी आणायची आणि सरावाचे खेळ खेळून गुण मिळवायचे. त्या गुणांवर दुसऱ्याचे खेळणे घरी न्यायचे.

खेळ कोणते? बादल्यांची साखळी करून आग विझवणे, घोंगडीचा स्ट्रेचर करून बाहुल्याला उचलून नेणे. मुले खेळण्यांसाठी येतात, त्यांच्यामागे आई-बाबा येतात आणि सगळे घर नकळत शिकून जाते. 'काएरू' म्हणजे बेडूक आणि उच्चाराने 'बदलणे'सुद्धा. जत्रेचे बोधचिन्ह अर्थातच बेडूक आहे.

१७/
मराठी घरांना असे खेळ उसने आणावे लागत नाहीत. 'डोंगराला आग लागली' हा खेळ प्रत्येक शाळेच्या मैदानावर खेळला गेला आहे. हाक येते आणि सगळे धावतात. वणवे पाहिलेल्या मुलखातला हा खेळ. डोंगर पेटला तर पळणे हेच शहाणपण.

भोपाळने दाखवले की प्रत्येक संकटात पळणे शहाणपणाचे नसते. औद्योगिक शहराला त्या खेळाबरोबर आणखी एका जुन्या खेळाची गरज आहे, आणि तोही घरात आहेच : 'तळ्यात-मळ्यात'. हाक ऐकायची, क्षणात ठरवायचे, आत उडी की बाहेर उडी. चुकला तो बाद.

१८/
घराच्या फरशीवर खडूने एक रेष पुरे. एकाने संकटाचे नाव घ्यायचे, बाकीच्यांनी उडी मारायची.

'बाहेरून विषारी वायू' : आत. खिडक्या बंद, फटींना ओले फडके, पंखे आणि एसी बंद.
'घरात गॅसचा वास' : बाहेर. शक्य तर रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या. दिव्याच्या बटणाला हात नाही, कारण एलपीजी हवेहून जड असतो, खाली साचतो आणि एक ठिणगी पुरते.
'इमारतीत आग' : बाहेर, जिन्याने. लिफ्ट म्हणणारा बाद. जिन्यात धूर भरला असेल तर आत, दार बंद, खिडकीतून हाक.
'जमीन हलते आहे' : आत, टेबलाखाली, पाय घट्ट धरून. हादरा थांबल्यावर बाहेर.
'नदीचे पाणी चढते आहे' : बाहेर आणि वर, वाटेतल्या वाहत्या पाण्यात पाऊल नाही.

लहान मुले हा खेळ फार लवकर शिकतात. चुकतात ती मोठी माणसे, कारण मोठ्यांना पळायची सवय असते.

१९/
इतर खेळही असेच थोडे वळवता येतात. 'शिवाजी म्हणतो' या खेळात नाव घेऊन आज्ञा आली तरच हालचाल करायची. अफवेच्या वेळी नेमके हेच लागते : सूचना कुणाची, ते आधी ऐकायचे. 'डबा ऐसपैस'मधला डबा सोसायटीच्या ठरलेल्या जागी ठेवायचा. ताट वाजले की लपलेल्या सर्वांनी तिथे यायचे, आजीने मोजणी करायची. 'आंधळी कोशिंबीर' दिवे मालवून खेळायची, डोळे बांधून, भिंतीला हात लावत दारापर्यंत जायचे, गुडघ्यांवर, कारण धूर वर चढतो.

भोंडल्यात डबा वाजवून खिरापत ओळखतात. तशीच संकटाची पिशवी अंधारात चाचपून ओळखायची : विजेरी, शिट्टी, औषधे, पाण्याची बाटली, कागदपत्रांच्या प्रती, सुटे पैसे. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या मुलाला वारा कुठून वाहतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. वायू आला तर त्या वाऱ्याला आडवे जायचे, एवढेच जोडायचे असते.

२०/
खेळाला मर्यादा आहेत आणि इतिहास त्याही दाखवतो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या घरांवर कोसळले. हजारो माणसे गेली. तिथे टेबलाखाली शिरण्याचा सराव पुरा पडला नसता. तिथे हवे होते ते भक्कम घर.

खेळ हा बांधकामाला, परवान्याला, तपासणीला पर्याय ठरू शकत नाही. पुणे परिसर भूकंपाच्या तिसऱ्या श्रेणीत येतो, हे घर बांधणाऱ्याने आणि परवानगी देणाऱ्यानेच लक्षात ठेवायचे आहे.

२१/
दुसरी मर्यादा सरावाच्या पद्धतीची. जुलै २०१८ मध्ये कोइमतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्तीचा सराव चालू असताना वरच्या मजल्यावरून उडी मारायला लावलेली विद्यार्थिनी मरण पावली. सरावाचा तमाशा झाला की सरावच संकट होतो.

म्हणून घरातल्या खेळाचे नियम साधे असावेत. उंचीवरून उडी नाही, खरी आग नाही, खरा धूर नाही, लहान मुलाला घाबरवून हसणे नाही. कंटाळा येण्याआधी खेळ थांबवायचा. आणि शेवटी प्रत्येकाने ११२ हा क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण न अडखळता सांगायची. फोनवर घाबरलेल्या माणसाला सर्वांत आधी आठवेनासा होतो तो स्वतःचा पत्ता.

२२/
या पट्ट्यात सरावाची निकड अधिक आहे, याचे एक कारण इथली माणसे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून कुटुंबे इथे आली. गावाकडे नदीचे पाणी कुठवर चढते, हे आजोबांना ठाऊक असते. इथे पवना, इंद्रायणी किंवा मुळेकाठच्या खोलीत नव्याने राहायला आलेल्या घराला निळी पूररेषा कुठून जाते ते माहीत नसते.

१५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला. सहलीला निघालेली कुटुंबे होती ती. पूल सुरक्षित ठेवण्याची आणि धोकादायक झाल्यास बंद करण्याची जबाबदारी यंत्रणेची आहेच. गजबजलेल्या पुलावर पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहण्याची सवय मात्र घरातूनच लागते.

२३/
सवय टिकायला तारखा लागतात. सिमेउलुएने अंगाई निवडली, जपानने १९२३ च्या भूकंपाचा १ सप्टेंबर निवडला. पिंपरी-चिंचवडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात अशा तारखा आधीच आहेत. ४ मार्च, सुरक्षा दिन : बाबांनी कारखान्यातला सराव घरी खेळून दाखवायचा. १४ एप्रिल, अग्निशमन सेवा दिन : १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांची आठवण म्हणून घरातला जिना आणि गॅसची नळी तपासायची. १२ जुलै, पानशेत : पिण्याच्या पाण्याचे दोन जादा कॅन भरायचे. ३ डिसेंबर, भोपाळ : तळ्यात-मळ्यात.

वर्षातून चार संध्याकाळी, प्रत्येकी अर्धा तास.

२४/
१९७१ मध्ये मुलांनी खिडकीला चिकटवलेला कागद युद्धानंतर निघाला, पण ज्यांनी तो चिकटवला त्यांना तो आजही आठवतो. मोठ्यांनी दिलेले काम, चिकट झालेली बोटे, अंधारात एकत्र बसलेले घर. पन्नास वर्षांनी भोंग्याची बातमी आली, तेव्हा त्या पिढीला काय करायचे ते विचारावे लागले नाही.

आज शाळेत असलेल्या मुलांजवळ तशी आठवण नाही. ती देण्यासाठी युद्धाची किंवा अपघाताची वाट पाहायची गरज नाही. फरशीवर खडूची एक रेष ओढायची, आजीला पंच नेमायचे आणि पहिली हाक द्यायची.

(समाप्त)